जॉर्ज डेव्हिस (उद्योजक)

जॉर्ज विल्यम डेव्हिस (जन्म: २९ ऑक्टोबर, इ.स. १९४१) हे तयार कपड्यांच्या किरकोळ विक्री व्यवसायातील ब्रिटिश उद्योजक व व्यवस्थापक आहेत. नेक्स्ट ही दुकानसाखळी, अ‍ॅस्डा या सुपरमार्केटमधील जॉर्ज हा कपड्यांचा ब्रँड आणि मार्क्स अँड स्पेन्सरमधील पेर ऊना हा स्त्रियांच्या कपड्यांचा ब्रँड हे तिन्ही उपक्रम त्यांनी उभे केले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ब्रिटनमधील मध्यमवर्गीय ग्राहकाच्या कपडे खरेदीच्या सवयी बदलणाऱ्या व्यक्तींमध्ये त्यांची गणना होते. इ.स. १९८८ मध्ये नेक्स्टच्या संचालक मंडळाने त्यांना पदावरून दूर केले. त्यांनी उभारलेले तिन्ही प्रमुख ब्रँड आज इतरांच्या मालकीचे असून, त्यांपैकी एकाला तर त्यांचे स्वतःचेच नाव आहे.

पार्श्वभूमी

ब्रिटनमधील बहुतेक शहरांत व गावांत मुख्य बाजाराच्या रस्त्याला ‘हाय स्ट्रीट’ असे नाव असते. त्यावरून देशभर शाखा असलेल्या आणि सर्वसामान्यांना परवडेल अशा किमतीत कपडे विकणाऱ्या दुकानसाखळ्यांच्या व्यवसायालाही ‘हाय स्ट्रीट फॅशन’ असे म्हटले जाऊ लागले. उंची फॅशनगृहे एका टोकाला आणि स्वस्त बाजार दुसऱ्या टोकाला धरल्यास या व्यवसायाचे स्थान मधले आहे.

इ.स. १९८० च्या सुमारास या मधल्या जागेतही एक मोठी पोकळी होती. टॉपशॉप, मिस सेल्फ्रिज, चेल्सी गर्ल यांसारखी दुकाने किशोरवयीन व तरुण मुलींसाठी होती. मार्क्स अँड स्पेन्सर व मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स टिकाऊ परंतु साचेबद्ध कपडे विकत. नोकरी करणाऱ्या, हाती स्वतःचा पैसा असलेल्या साधारण पंचविशी ते चाळिशीच्या स्त्रियांना कार्यालयात घालण्याजोगे, नव्या धाटणीचे आणि तरीही आवाक्यातील कपडे एका ठिकाणी मिळणे कठीण होते. डेव्हिस यांच्या कारकिर्दीतील पहिले मोठे यश या पोकळीतून निर्माण झाले.

प्रारंभिक जीवन व उमेदवारी

डेव्हिस यांचे बालपण लिव्हरपूलच्या परिसरात गेले. दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी त्यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात प्रवेश घेतला होता. मात्र ते शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले. त्यानंतर ते लिव्हरपूलमधील लिटलवुड्स या कंपनीत नोकरीला लागले. लिटलवुड्सचा टपालाद्वारे विक्रीचा व दुकानांचा असा दुहेरी व्यवसाय होता. तेथे मालसाठ्याचे नियोजन व खरेदी या विभागांत काम करताना कोणत्या मापाचा, कोणत्या रंगाचा माल किती काळ पडून राहतो आणि कोणता हातोहात संपतो, याचे प्रत्यक्ष शिक्षण त्यांना मिळाले. लहान मुलांच्या पायमोज्यांसारखा साधा मालही त्यांच्या खरेदीच्या कक्षेत होता. (याच लिटलवुड्सची भारतातील उपकंपनी इ.स. १९९८ मध्ये टाटा समूहाने विकत घेतली व तिच्यापासून वेस्टसाइड ही दुकानसाखळी उभी राहिली. डेव्हिस यांचा त्या व्यवहाराशी संबंध नव्हता.)

इ.स. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी ‘स्कूल केअर’ हा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. पालकांनी शाळेचा गणवेश घरबसल्या मागवावा, अशी त्यामागील कल्पना होती. हा व्यवसाय फार काळ तग धरू शकला नाही. गणवेशाचा हंगाम वर्षातून एकदाच येतो, परंतु प्रत्येक शाळेचा रंग व प्रत्येक मुलाचे माप वेगळे असल्याने भांडवल मालात अडकून पडते, ही या धंद्यातील मूळ अडचण होती. त्यानंतर ते पिप्पा डी या कंपनीत गेले. गृहिणींनी आपल्या घरी मैत्रिणींना बोलावून कपडे दाखवावेत व त्यांच्या मागण्या नोंदवाव्यात, अशा पद्धतीने ही कंपनी विक्री करीत असे. स्त्रिया कपडे कसे पारखतात, कशावर घासाघीस करतात आणि काय न आवडता परत ठेवतात, हे जवळून पाहण्याची संधी त्यांना येथे मिळाली.

कारकीर्द

नेक्स्टची स्थापना

जोसेफ हेपवर्थ यांनी इ.स. १८६४ मध्ये लीड्स येथे सुरू केलेली जे. हेपवर्थ अँड सन ही कंपनी पुरुषांच्या सूटसाठी प्रसिद्ध होती. हार्डी एमीस या नामांकित फॅशन रचनाकाराचे सहकार्य घेणारी ही जुनी कंपनी इ.स. १९७० च्या दशकाअखेर अडचणीत आली. माप देऊन सूट शिवून घेण्याची प्रथा मागे पडत होती. मोक्याच्या जागी दुकाने होती, पण त्यांत येणारा ग्राहक घटत होता. यावर उपाय म्हणून स्त्रियांच्या कपड्यांच्या व्यवसायात उतरण्याचे ठरले आणि इ.स. १९८१ मध्ये हेपवर्थने केंडल्स ही रेनकोट व छत्र्या विकणारी दुकानसाखळी विकत घेतली. त्या वेळी गृहसजावट क्षेत्रातील ख्यातनाम रचनाकार टेरेन्स कॉनरन हे हेपवर्थचे अध्यक्ष होते. या दुकानांचे रूपांतर करण्याची जबाबदारी डेव्हिस यांच्यावर सोपविण्यात आली.

नेक्स्टची पहिली दुकाने १२ फेब्रुवारी, इ.स. १९८२ रोजी उघडली. त्याच वर्षीच्या जुलैअखेर त्यांची संख्या सुमारे ७० झाली. दुकाने आकाराने लहान होती व त्यांतील कपड्यांचे प्रकारही मोजके होते. मात्र जाकीट, स्कर्ट, ब्लाउज, स्वेटर, पट्टा व पादत्राणे यांचे रंग एकमेकांशी जुळतील अशा बेताने ठरविलेले असत. स्कर्ट घेण्यासाठी आलेल्या ग्राहकाला त्यावर शोभणारे जाकीट शेजारीच टांगलेले दिसे. ग्राहकाचा वेळ वाचे आणि दुकानाची प्रत्येक ग्राहकामागील विक्री वाढे. एरवी कपड्यांची दुकाने मालाची विभागणी वस्तूंच्या प्रकारानुसार करीत: स्कर्ट एकीकडे, ब्लाउज दुसरीकडे. नेक्स्टने ती पोशाखानुसार केली. वरवर किरकोळ वाटणारा हा बदल करण्यासाठी खरेदी, रंगनिवड व पुरवठा यांचे निर्णय एकाच हाती असणे आवश्यक होते. निरनिराळ्या पुरवठादारांकडून येणारा माल एकाच वेळी व एकाच रंगछटेत दुकानात पोहोचला, तरच ही मांडणी शक्य होती.

विस्तार

इ.स. १९८४ मध्ये डेव्हिस हेपवर्थचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. त्याच वर्षी पुरुषांसाठीची ‘नेक्स्ट फॉर मेन’ ही दुकाने सुरू झाली. हेपवर्थची जुनी दुकाने टप्प्याटप्प्याने नव्या रूपात आणली गेली. मोठ्या जागांमध्ये स्त्री-पुरुषांचे कपडे एकाच छताखाली विकले जाऊ लागले आणि पडदे, उशा, वॉलपेपर यांसाठी ‘नेक्स्ट इंटीरियर’ हा विभाग उघडण्यात आला. इ.स. १९८६ मध्ये मूळ कंपनीचेच नाव बदलून नेक्स्ट पीएलसी असे करण्यात आले. मुख्यालयही लीड्सहून लेस्टरला आले. लेस्टर व त्याच्या आसपास होजिअरी व तयार कपड्यांचे कारखाने मोठ्या संख्येने असल्याने उत्पादकांच्या निकट राहणे हा या स्थलांतराचा हेतू होता. इ.स. १९८७ मध्ये लहान मुलांच्या कपड्यांची भर पडली.

याच काळात कंपनीने इतर कंपन्या विकत घेण्याचा सपाटा लावला. इ.स. १९८६ मध्ये ब्रॅडफर्ड येथील ग्रॅटन ही टपालाद्वारे विक्री करणारी कंपनी नेक्स्टमध्ये आली. पुढच्या वर्षी कम्बाइन्ड इंग्लिश स्टोअर्स हा समूह घेण्यात आला. त्यासोबत दागिन्यांच्या दुकानांसह अनेक प्रकारचे व्यवसाय नेक्स्टच्या पदरी पडले. वृत्तपत्रे विकणाऱ्या दुकानांची एक साखळीही कंपनीने घेतली. टपालाने मागविलेला माल गल्लीतील वृत्तपत्राच्या दुकानातून ग्राहकाला घेता यावा, असा त्यामागील विचार होता.

नेक्स्ट डिरेक्टरी

ग्रॅटनच्या खरेदीतून साकारलेली सर्वांत टिकाऊ कल्पना म्हणजे इ.स. १९८८ च्या आरंभी प्रसिद्ध झालेली ‘नेक्स्ट डिरेक्टरी’ ही विक्रीसूची. ब्रिटनमध्ये टपालाने कपडे मागविणे हा तोवर मुख्यतः हप्त्याने खरेदी करणाऱ्या कष्टकरी कुटुंबांचा मार्ग मानला जाई. शेजारपाजारची एखादी स्त्री कमिशनवर मागण्या गोळा करी आणि माल यायला काही आठवडे लागत. डेव्हिस यांनी ही सूची सजिल्द पुस्तकाच्या रूपात, उत्तम छायाचित्रांसह काढली. काही कापडांचे छोटे तुकडेही तिच्यात चिकटविलेले होते. मागणी दूरध्वनीवरून नोंदवून माल ४८ तासांत घरपोच देण्याचे आश्वासन होते. दुकानातील व सूचीतील किंमत आणि दर्जा समान ठेवल्यामुळे टपालाने खरेदी करण्यातील कमीपणाची भावना दूर झाली. इ.स. १९९९ मध्ये ही सूची आंतरजालावर आली. गोदामे, पाठवणी व माल परत घेण्याची यंत्रणा आधीपासूनच असल्याने ऑनलाइन विक्रीच्या युगात नेक्स्टला प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत मोठी आघाडी मिळाली. तोपर्यंत डेव्हिस यांना कंपनी सोडून दहा वर्षे उलटून गेली होती.

पदच्युती

इ.स. १९८८ च्या उत्तरार्धात ब्रिटनमधील व्याजदर झपाट्याने वाढले. वर्षाच्या मध्यास ८ टक्क्यांच्या आसपास असलेला मूळ दर नोव्हेंबरअखेर १३ टक्क्यांवर गेला. गृहकर्जाचे हप्ते वाढल्याने मध्यमवर्गाने कपड्यांवरील खर्चाला कात्री लावली. नेक्स्टने मात्र याच वर्गाला गृहीत धरून दुकानांची संख्या व जागा वाढविल्या होत्या. निरनिराळ्या गिऱ्हाइकांसाठी निरनिराळ्या नावांची दुकाने एकाच रस्त्यावर उघडल्यामुळे काही ठिकाणी कंपनीची दुकाने एकमेकांचेच गिऱ्हाईक ओढू लागली. ऑक्टोबरमध्ये दागिन्यांची दुकाने रॅटनर्स समूहाला सुमारे १५ कोटी पौंडांना विकावी लागली.

डिसेंबर, इ.स. १९८८ मध्ये संचालक मंडळाने डेव्हिस यांना अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी या दोन्ही पदांवरून दूर केले. उत्पादन विभागाची धुरा सांभाळणाऱ्या त्यांच्या तत्कालीन पत्नी लिझ डेव्हिस यांनाही कंपनी सोडावी लागली. ग्रॅटनमधून आलेले डेव्हिड जोन्स हे नवे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. डेव्हिस यांनी या घटनाक्रमाविषयीची आपली बाजू इ.स. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हॉट नेक्स्ट?’ या आत्मकथनात मांडली.

या निर्णयाचे दोन प्रकारे विश्लेषण केले जाते. एका मतानुसार कंपनी मुळात भक्कम होती, मंदी तात्पुरती होती आणि ज्याच्या कल्पकतेवर ती उभी राहिली त्यालाच घालविण्यात आले. दुसऱ्या मतानुसार अध्यक्षपद व मुख्य कार्यकारी पद एकाच व्यक्तीकडे असल्याने विस्ताराच्या वेगाला आवर घालणारे कोणी उरले नव्हते. पुढील दोन वर्षांत नेक्स्टच्या समभागाची किंमत काही पेन्सपर्यंत कोसळली. इ.स. १९९१ मध्ये ग्रॅटन कंपनी जर्मनीच्या ओटो समूहाला विकण्यात आली, डिरेक्टरी मात्र नेक्स्टने स्वतःकडे ठेवली. डेव्हिस यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी विस्ताराचा पसारा आवरला, पण त्यांनी घालून दिलेल्या मूळ चौकटीवरच कंपनी सावरली, हे दोन्ही मतांच्या अभ्यासकांना मान्य आहे.

अ‍ॅस्डा आणि ‘जॉर्ज’

नेक्स्टमधून बाहेर पडल्यावर डेव्हिस यांनी स्वतःची कंपनी काढली व अ‍ॅस्डा या सुपरमार्केट साखळीशी करार केला. इ.स. १९९० मध्ये अ‍ॅस्डाच्या दुकानांत ‘जॉर्ज’ या नावाने कपडे विकण्यास सुरुवात झाली. दूध, पाव, भाजीपाला यांच्यासोबत मिळणारे कपडे म्हणजे हलक्या प्रतीचा माल, असा तोवरचा समज होता. डेव्हिस यांनी कपड्यांना एका रचनाकाराचे नाव दिले, रचना व खरेदी स्वतंत्र चमूकडे ठेवली आणि नेक्स्टमध्ये राबविलेली रंगसंगतीची शिस्त स्वस्त किमतीत आणली. सुपरमार्केटमध्ये ग्राहक दर आठवड्याला येतोच. त्याला दुकानापर्यंत आणण्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही आणि जागेचे भाडेही हाय स्ट्रीटपेक्षा कमी पडते. यामुळे कमी नफ्यावर मोठी विक्री करणे शक्य झाले. मुलांचे कपडे व शाळेचे गणवेश हा या ब्रँडचा महत्त्वाचा भाग ठरला. ज्या गणवेशांच्या धंद्यात डेव्हिस एकेकाळी अपयशी ठरले होते, तोच माल येथे मोठ्या प्रमाणावर विकला गेला.

इ.स. १९९५ मध्ये अ‍ॅस्डाने डेव्हिस यांची कंपनी व तिच्यासोबत ‘जॉर्ज’ हे नाव विकत घेतले. इ.स. १९९९ मध्ये अमेरिकेच्या वॉलमार्टने अ‍ॅस्डा ताब्यात घेतल्यावर हा ब्रँड उत्तर अमेरिकेतील वॉलमार्टच्या दुकानांतही पोहोचला. डेव्हिस इ.स. २००० मध्ये तेथून बाहेर पडले. टेस्को व सेन्सबरीज या प्रतिस्पर्धी सुपरमार्केटनीही पुढील काही वर्षांत अनुक्रमे ‘फ्लोरेन्स अँड फ्रेड’ व ‘टू’ हे कपड्यांचे स्वतंत्र ब्रँड काढले.

मार्क्स अँड स्पेन्सर आणि ‘पेर ऊना’

इ.स. १९९७-९८ या वर्षात १ अब्ज पौंडांहून अधिक करपूर्व नफा मिळविणारी मार्क्स अँड स्पेन्सर ही कंपनी त्यानंतरच्या तीन वर्षांत गंभीर संकटात सापडली. स्त्रियांचे कपडे हा तिचा कणा होता आणि तरुण स्त्रियांनी तिच्याकडे पाठ फिरविली होती. अशा वेळी कंपनीने डेव्हिस यांना पाचारण केले. सप्टेंबर, इ.स. २००१ मध्ये ‘पेर ऊना’ हा ब्रँड सुरू झाला. इटालियन भाषेतील या नावाचा अर्थ ‘एकीसाठी’ असा होतो.

या व्यवस्थेचे वेगळेपण तिच्या करारात होते. ब्रँडची मालकी डेव्हिस यांच्या कंपनीकडे होती. रचना, उत्पादन व दुकानापर्यंत माल पोहोचविण्याची जबाबदारी आणि त्यातील आर्थिक जोखीम तीच उचलत असे. मार्क्स अँड स्पेन्सर तिच्याकडून माल घेऊन आपल्या दुकानांत विके. डेव्हिस यांनी यात स्वतःचे २ कोटी पौंडांहून अधिक भांडवल गुंतविले. माल थोड्या संख्येने व वारंवार येई. एखादा प्रकार संपला की तो बहुधा पुन्हा येत नसे, त्यामुळे आवडलेली वस्तू लगेच घेण्याकडे ग्राहकांचा कल राही. भरतकाम, मणी, लेस, झालर यांचा सढळ वापर हे या कपड्यांचे वैशिष्ट्य होते. कालांतराने त्याच अलंकरणावर टीकाही झाली.

इ.स. २००४ मध्ये फिलिप ग्रीन यांनी मार्क्स अँड स्पेन्सर विकत घेण्याचा प्रयत्न केला. त्यास तोंड देताना नवे मुख्य कार्यकारी अधिकारी स्टुअर्ट रोज यांनी जाहीर केलेल्या योजनेत पेर ऊनाच्या खरेदीचा समावेश होता. कंपनीच्या स्त्री-वस्त्रविभागातील सर्वांत यशस्वी ब्रँड बाहेरच्या व्यक्तीच्या मालकीचा असणे ही तिची दुखरी नस होती. साडेबारा कोटी पौंडांना हा व्यवहार झाला. अवघ्या तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या ब्रँडसाठी ही किंमत मोठी होती. इ.स. २००५ मध्ये डेव्हिस यांनी राजीनामा जाहीर केला व लवकरच तो मागे घेतला. अखेर इ.स. २००८ मध्ये ते पेर ऊनामधून निवृत्त झाले.

नंतरचे उपक्रम

इ.स. २००९ मध्ये त्यांनी ‘गिव्ह’ ही स्वतःची दुकाने सुरू केली. इंग्रजीत या नावाच्या अक्षरांमध्ये जॉर्ज नावाचे आद्याक्षर व रोमन अंक चार गुंफलेले होते. हा त्यांचा चौथा ब्रँड असल्याचे त्यातून सूचित होत असे. प्रमुख दुकान लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर होते. अधिक किमतीचे व अधिक चांगल्या बांधणीचे कपडे देण्याचा हा प्रयत्न होता. मात्र इ.स. २००८ च्या आर्थिक संकटानंतर ब्रिटनमधील ग्राहक खर्चाबाबत सावध झाला होता आणि या वेळी पाठीशी एखादी प्रस्थापित दुकानसाखळी नव्हती. हा उपक्रम अल्पजीवी ठरला. त्यानंतर त्यांनी मध्यपूर्वेतील भागीदारांसह मुलांच्या कपड्यांच्या व्यवसायात लक्ष घातले.

कार्यपद्धती

डेव्हिस यांच्या तिन्ही यशस्वी उपक्रमांत काही समान धागे आढळतात. प्रत्येक वेळी त्यांनी दुसऱ्याच्या तयार जागेचा उपयोग केला: नेक्स्टसाठी हेपवर्थ व केंडल्सची दुकाने, जॉर्जसाठी अ‍ॅस्डाचे सुपरमार्केट आणि पेर ऊनासाठी मार्क्स अँड स्पेन्सरची दालने. प्रत्येक वेळी आधी ग्राहकाचे वय व उत्पन्न निश्चित करून मग कपड्यांची आखणी केली गेली. रचनाकार, खरेदीदार व उत्पादक यांच्यातील अंतर कमी ठेवण्यावर त्यांचा भर राहिला. मालकीच्या बाबतीत मात्र प्रत्येक करार आधीच्या अनुभवावरून बदललेला दिसतो. नेक्स्टमध्ये ते नोकरदार अधिकारी होते व मंडळाच्या एका ठरावाने बाहेर पडले. अ‍ॅस्डासोबत त्यांची स्वतःची कंपनी होती. पेर ऊनामध्ये तर ब्रँडची मालकी व जोखीम दोन्ही त्यांनी स्वतःकडे ठेवली आणि त्यामुळेच विक्रीच्या वेळी किंमत ठरविण्याची ताकद त्यांच्याकडे राहिली.

वारसा

इ.स. २०१३-१४ या आर्थिक वर्षात नेक्स्टने वार्षिक नफ्याच्या बाबतीत मार्क्स अँड स्पेन्सरला मागे टाकले. जॉर्ज या ब्रँडने सुपरमार्केटमधून कपडे घेणे ब्रिटनमध्ये रूढ केले. दुसरीकडे, कमी किमतीत सतत नवे कपडे देण्याच्या ज्या स्पर्धेला अशा ब्रँडनी वेग दिला, तिच्यामुळे कपड्यांचे उत्पादन परदेशांत गेले व ब्रिटनमधील अनेक कारखाने बंद पडले, अशी टीकाही या संपूर्ण व्यवसायावर केली जाते. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासात डेव्हिस यांचे उदाहरण बाजारपेठेतील पोकळी ओळखण्याच्या संदर्भात जितके उपयोगी आहे, तितकेच कंपनीच्या वाढीचा वेग व तिच्यावरील नियंत्रण यांचा मेळ घालण्याच्या संदर्भातही आहे.

कालपट

• इ.स. १९४१ – जन्म
• इ.स. १९८१ – हेपवर्थकडून केंडल्सची खरेदी
• इ.स. १९८२ – नेक्स्टच्या पहिल्या दुकानांचे उद्घाटन
• इ.स. १९८४ – हेपवर्थचे मुख्य कार्यकारी अधिकारी. नेक्स्ट फॉर मेनचा आरंभ
• इ.स. १९८६ – कंपनीचे नेक्स्ट पीएलसी असे नामांतर, ग्रॅटनची खरेदी
• इ.स. १९८८ – नेक्स्ट डिरेक्टरीचे प्रकाशन; डिसेंबरमध्ये पदच्युती
• इ.स. १९९० – अ‍ॅस्डामध्ये ‘जॉर्ज’ ब्रँडचा आरंभ
• इ.स. १९९५ – ‘जॉर्ज’ची मालकी अ‍ॅस्डाकडे
• इ.स. २००१ – मार्क्स अँड स्पेन्सरमध्ये ‘पेर ऊना’चा आरंभ
• इ.स. २००४ – ‘पेर ऊना’ची विक्री
• इ.स. २००८ – ‘पेर ऊना’मधून निवृत्ती
• इ.स. २००९ – ‘गिव्ह’चा आरंभ